शंभराचा मान आणि चाळिसाचा उजेड

मी विजेची गणितं आधी केली आणि विजेचा दिवा नंतर पाहिला. हसू नका. जव्हारच्या आमच्या शाळेत तेव्हा विज्ञान म्हणजे खडू, फळा आणि एक शब्द: समजा. समजा, एक बल्ब आहे. समजा, त्याला एकशे दहा व्होल्टचा दाब दिला. समजा, त्यातून अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो. सर एवढं सगळं समजायला लावायचे आणि खिडकीबाहेर बघावं तर रस्त्यावर रॉकेलचा कंदील. विजेच्या नावाखाली शाळेत एकच वस्तू होती, सरांची बॅटरी. तिचे सेलसुद्धा ते सुट्टीत काढून ठेवायचे, फुकट जातात म्हणून.

पण शिकवायचे झकास. व्होल्ट म्हणजे ढकलणारा दाब, अँपिअर म्हणजे वाहणारा प्रवाह. दाबाला प्रवाहानं भागलं की तारेचा अडथळा निघतो, त्याला रोध म्हणायचं आणि तो ओहममध्ये मोजायचा. दाबाला प्रवाहानं गुणलं की शक्ती निघते, तिचे वॅट. एक भागाकार, एक गुणाकार, एवढंच भांडवल. मला त्याचं वेडच लागलं. जो दिवा डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो किती वॅट खातो ते मी घरबसल्या सांगू शकते, याचा मला भारी तोरा होता.

संस्थान विलीन होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. माझे वडील आधी संस्थानच्या कचेरीत कारकून होते, मग सरकारच्या कचेरीत कारकून झाले. टेबल तेच, खुर्ची तीच, शिक्का तेवढा बदलला. ते म्हणायचे, राज्य कुणाचंही येऊ दे, टाचण्या मागवाव्याच लागतात. मॅट्रिक झाल्यावर मी त्यांना म्हटलं, मला नाशिकला कॉलेजात सायन्सला जायचंय, आत्याकडे राहीन. ते म्हणाले, जा की. आई मात्र डोळ्याला पदर लावून बसली. ती रड वर्षभर पुरली, आणि वर्षाच्या शेवटी तिनं मोखाड्याचं स्थळ काढलं.

मुलगा मोखाड्याला शाळामास्तर. त्याच्या वडिलांचं तिथंच किराणा मालाचं दुकान. मला पाहायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर रीतीप्रमाणे विचारलं, तुला काही विचारायचंय का. रीतीप्रमाणे मुलीनं मान खाली घालून नाही म्हणायचं असतं. मी मान वर केली आणि विचारलं, लग्नानंतर मला नाशिकला शिकायला पाठवाल का?

आईनं हातातलं तबक पटकन खाली ठेवलं. मुलगा म्हणाला, माझी काही हरकत नाही. त्याचा आवाज असा छान होता की मी त्याच क्षणी त्याला मनातून पसंत करून टाकलं. सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणत. आबा म्हणाले, बघू. पण सोबत मुलाचे मामा आले होते, सासूबाईंचे थोरले भाऊ. त्या घरात मामांच्या शब्दाबाहेर मांजरसुद्धा जात नसे. मामांनी सुपारी तोंडात टाकली आणि वडिलांकडे बघून म्हणाले, शिकून काय दिवे लावणार आहे ती?

झालं. बघू म्हणणारा माणूस आणि नाही म्हणणारा माणूस यांच्यामध्ये माझं कॉलेज लोंबकळत राहिलं. वडिलांनी निरोप पाठवला, तर आबांचं उत्तर आलं की लग्नाच्या मांडवात काय ते सांगतो. लग्न वैशाखात, कॉलेज जूनमध्ये. तेव्हा नाही म्हणाले असते तर मी जन्मभर मोखाड्याच्या दुकानात गूळ जोखत बसले असते. गूळ जोखण्यात वाईट काही नाही, पण मला ते नको होतं. मला नाशिकच हवं होतं. मग लग्नाला हो कशाला म्हणालीस, असं माझ्या नाती विचारतात. अगं बायांनो, मुलगा आवडला होता. त्याला काय करणार?

मुहूर्त गोरज होता, म्हणजे ऐन दिवेलागणीचा. माझ्या दादाच्या डोक्यात आलं की बहिणीच्या लग्नात विजेचे दिवे लावायचे. निमित्तही तसंच घडलं. आमच्या घरामागच्या मैदानात फिरत्या सिनेमानं तंबू ठोकला होता. त्यांचं डिझेलचं इंजिन, त्यावर चालणारा डायनामो आणि ते चालवणारा इंजिनवाला. हा इंजिनवाला मुंबईकडचा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा आणि स्वतःला विजेचा बाप समजायचा. दादाची आणि त्याची चहाच्या दुकानात दोस्ती झाली. खेळ सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ मांडवापर्यंत तार टाकून देतो म्हणाला.

दिवे दादानं कुठल्याशा जुन्या बंगल्याच्या अडगळीतून पैदा केले. चार बल्ब: दोन साठ वॅटचे, एक शंभराचा, एक चाळिसाचा. पण ते सगळे एकशे दहा व्होल्टचे आणि इंजिनवाल्याचा डायनामो दोनशे वीसचा. थेट जोडले असते तर फट् करून गेले असते. त्यावर इंजिनवाल्याची युक्ती ही की दोन बल्ब एकामागे एक, एकाच तारेच्या माळेत ओवायचे, म्हणजे दाब दोघांत वाटला जातो. त्याचं म्हणणं, आधा तेरा, आधा मेरा. ठरलं असं की बोहल्याच्या एका बाजूला, मुलाकडच्यांच्या डोक्यावर, एक साठचा आणि दुसऱ्या बाजूला आमच्या डोक्यावर दुसरा साठचा. वाटणी सारखी, भांडणाला जागा नाही.

पण भांडणाला जागा नसली की ती करून घ्यावी लागते. दुपार कलल्यावर मोखाड्याचं वऱ्हाड लॉरीतून उतरलं. मामांनी पाय धुतले, सरबत घेतलं आणि मांडवाची पाहणी सुरू केली. दादाच्या हातातली बल्बची पेटी त्यांना दिसली. एकेक बल्ब काढून त्यावरचे आकडे वाचले. साठ, साठ, चाळीस आणि शंभर. शंभर वाचल्यावर त्यांनी विचारलं, हा कुणाच्या डोक्यावर लावणार आहात?

दादा म्हणाला, हा नाही लावणार, दोन्हीकडे साठचे लावतोय. मामा तिथंच खुर्ची ओढून बसले. दोन्हीकडे सारखे म्हणजे काय? वरपक्ष आणि वधूपक्ष कधीपासून सारखे झाले? नारळ मोठा आमचा, पंगतीत पाट पहिला आमचा, आणि दिवा मात्र तुमच्याएवढा? आमच्याकडे शंभराचा लागला पाहिजे. आणि तुमच्याकडे हा चाळिसाचा पुरे. दोन्ही बल्ब त्यांनी स्वतःच्या हातानं निवडले, हे नीट लक्षात ठेवा, कारण नंतर सगळ्यांनी माझं नाव घेतलं.

दादा बिचारा माझ्याकडे धावत आला. मी माजघरात अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून गौरीहरापुढे बसले होते. मुलीनं तिथं गौरीवर चिमूटचिमूट तांदूळ वाहत सौभाग्य मागायचं असतं, त्यामुळे माझ्यापुढे तांदळाचं भरलेलं ताट. दादानं मामांचं फर्मान सांगितलं आणि विचारलं, हे चालेल का गं? इंजिनवाला म्हणतो, एकशे दहाचे कुठलेही दोन चालतील.

मी ताटातले तांदूळ हातानं सारखे केले आणि त्यात बोटानं गणित मांडलं. शंभर वॅटचा बल्ब एकशे दहा व्होल्टवर पेटतो, म्हणजे त्यातून जवळजवळ एक अँपिअर जातो, नेमकं म्हणाल तर शून्य पूर्णांक एक्क्याण्णव शतांश. दाबाला प्रवाहानं भागलं, रोध आला एकशे एकवीस ओहम. चाळिसाच्या बल्बातून प्रवाह थोडा जातो, छत्तीस शतांश, म्हणून त्याचा रोध मोठा, तीनशे दोन ओहम. बल्ब जितका मोठा तितका अडथळा कमी. आता दोघे एका माळेत म्हणजे अडथळ्यांची बेरीज, चारशे तेवीस. तांदूळ पुसले, पुन्हा मांडलं. दोनशे वीसला चारशे तेवीसनं भागलं, प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या किंचित वर. माळेत हा प्रवाह दोघांनाही तोच, पहिला कोण दुसरा कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण ज्याचा अडथळा जास्त त्याच्या वाट्याला दाब जास्त. चाळिसाच्या बल्बाला एकशे सत्तावन्न व्होल्ट, शंभराच्याला फक्त त्रेसष्ट. दाब गुणिले प्रवाह केलं तर आमचा चाळीसवाला ऐंशीच्या वर वॅट खाऊन लखलखणार आणि मामांचा शंभरवाला जेमतेम तेहतिसावर मिणमिणणार.

मला असं हसू फुटलं की बोलता येईना. शेजारी बसलेली मावशी मला चिमटा काढून म्हणाली, मेले, नवरीनं या वेळी रडायचं असतं. मी तोंडात पदर कोंबला. दादा घाबरून म्हणाला, मामांना जाऊन समजावू का? मी म्हटलं, खबरदार. वरपक्षाचा मान आहे तो, मागितला तसा द्यायचा. तू फक्त दोन कामं कर. गॅसबत्त्या पेटवून मांडवाच्या मागे ठेव, आणि साठचे दोन्ही बल्ब खिशात ठेव. चाळिसाला एकशे दहा व्होल्टची सवय, एकशे सत्तावन्न तो फार वेळ सोसणार नाही. आणि माळेत एक गेला की दुसराही गेला.

माजघराच्या खिडकीतून बोहलं दिसत होतं. नवरीनं खिडकीत जायचं नसतं, म्हणून मी पाटासकट सरकत सरकत खिडकीशी गेले. मांडवात माणूस मावत नव्हता. आमंत्रण होतं त्यांच्यापेक्षा बिनआमंत्रणाचे जास्त, कारण बिनतेलाचा दिवा लागणार ही बातमी पार साखरशेतपर्यंत पोचली होती. मैदानातून इंजिनाची धडधड सुरू झाली. मांडवातली कुजबुज थांबली, आणि दिवे लागले.

आमचा चाळीसवाला असा पांढराशुभ्र पेटला की खालच्या बायकांनी डोळ्यांवर हात धरले. मामांच्या डोक्यावरचा शंभरवाला विझत आलेल्या शेगडीसारखा लाल झाला आणि तसाच राहिला. मुलीकडच्यांच्या पागोट्याची घडी न् घडी दिसत होती आणि मुलाकडचे लोक एकमेकांना चाचपत होते. पत्रावळी घेऊन आलेल्या साखरशेतच्या एका म्हातारीनं खरोखर काळजीनं विचारलं, थोरल्या दिव्याची तब्येत बरी नाही काय? मागून आमच्यातलं कुणीतरी बोललंच, बडा घर पोकळ वासा. मग सगळा मांडव खदखदला.

मामा उठले. त्यांचा पहिला संशय असा की बल्ब बदलले आहेत. दिवे बंद करवून, फडक्यात धरून दोन्ही बल्ब खाली उतरवले आणि आकडे वाचले. बरोबर होते. मग म्हणाले, अदलाबदल करा. केली. लगेच मुलाकडची बाजू लखलखली आणि आमच्याकडे अंधूक झालं. मामांचा चेहरा क्षणभर खुलला. पण त्यांच्याच वऱ्हाडातला एक म्हातारा म्हणाला, म्हणजे आता आपल्या डोक्यावर चाळीस आणि त्यांच्या डोक्यावर शंभर? मामांचं तोंड उतरलं. उजेड घ्यावा तर आकडा लहान, आकडा घ्यावा तर उजेड नाही. पुन्हा अदलाबदल झाली. आकडा जिंकला.

आता मामांना दुसरं कारण सापडलं. तार आधी आमच्या बाजूला येते आणि मग त्यांच्याकडे जाते, यात खरी मेख आहे म्हणाले. पंगतीत ज्या टोकाला तूप वाढायला सुरुवात होते तिथं धार, आणि शेवटच्या पानापर्यंत येईतो थेंब. आमच्या वाटणीची वीज हे लोक वरच्या वर खातायत. तार उलटी करा, आधी वरपक्ष. इंजिनवाल्यानं मोठ्या आनंदानं तार उलटी करून दिली. त्याला तेवढ्या वेळात सिनेमापेक्षा बरा खेळ बघायला मिळत होता. दिवे पुन्हा लावले. थोरला तसाच लाल, धाकटा तसाच पांढरा. भटजी घटिकापात्राकडे बघून घसा खाकरत होते.

तेव्हा आबा उठले. त्यांनी इंजिनवाल्याला विचारलं, हे असं का होतंय? इंजिनवाल्याला काही सांगता येईना. विजेचा बाप असला तरी त्याचं शिक्षण बटणापर्यंतच होतं. त्यानं सरळ माजघराकडे बोट केलं. म्हणाला, मला कशाला विचारता, नवरीबाईनं दुपारीच हिशेब करून ठेवलाय, तिचा भाऊच सांगत होता.

सगळा मांडव खिडकीकडे वळला. मी पाटासकट मागे सरकायला गेले आणि पाट अडकला. आबा खिडकीपाशी आले आणि शांतपणे म्हणाले, सांग. आई आतून हातानं नको नको करत होती. पण माझ्या मनात आलं, मांडवात सांगतो म्हणाले होते, तो मांडव हाच. आत्ता गप्प बसले तर कायमची बसले. मी खिडकीतूनच दोन्ही बल्बांचे रोध सांगितले, त्यांची बेरीज सांगितली, प्रवाह सांगितला, आणि शेवटी ठासून सांगितलं की थोरल्यावर त्रेसष्ट व्होल्ट पडतायत आणि धाकट्यावर एकशे सत्तावन्न.

मामा म्हणाले, कोण बघायला गेलंय? तोंडाला येईल ते आकडे. इंजिनवाल्याला हेच हवं होतं. त्याच्याकडे व्होल्ट मोजायचं मीटर होतं, ते तो धावत जाऊन घेऊन आला. शिडीवर चढून त्यानं आधी थोरल्याच्या होल्डरला मीटरच्या तारा लावल्या. आबांनी खालून कंदील उंच धरला. काटा हलला आणि थांबला.

पस्तीस.

मग धाकट्याला लावलं. एकशे पंच्याऐंशी.

मामांनी बोटांवर वजाबाकी केली आणि भर मांडवात जाहीर केलं की सूनबाई अठ्ठावीस व्होल्टनी चुकल्या, आणि ते अठ्ठावीस व्होल्ट आमच्या वाटणीतून कमी होऊन थेट हिच्या माहेरच्या दिव्यात गेलेत, स्वतः मोजून घ्या. आणि खरंच तसंच होतं, तेच तर दुःख. पस्तीस आणि एकशे पंच्याऐंशी, बेरीज बरोबर दोनशे वीस. म्हणजे मीटर खोटं नव्हतं. मी मनातल्या मनात पुन्हा भागाकार केला, पुन्हा गुणाकार केला. कुठंच चूक नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. हरल्याचं नव्हतं ते. त्या दिव्यानं मला फसवलं याचा राग आला होता.

आबा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, मग?

मी म्हटलं, "आबा, माझं गणित बरोबर आहे आणि उत्तर चूक आहे. असं का झालं ते मला माहीत नाही. जव्हारात कुणाला विचारू? मोखाड्यात कुणाला विचारू? हेच शिकायला मला नाशिकला जायचंय."

आबा तसेच उभे. आणि तेवढ्यात आमच्या चाळीसवाल्यानं जीव सोडला. एकदम निळसर झगमग झाली, फट् आवाज झाला आणि दोन्ही दिवे गेले. मामांचा आवाज अंधारातून आला, अपशकुन, दुसरं काय. पण पुरता अंधार व्हायच्या आतच मांडवाच्या मागून दादा दोन पेटलेल्या गॅसबत्त्या घेऊन आला. आबांनी विचारलं, या आधीच कुणी पेटवून ठेवल्या? दादा म्हणाला, तिनंच सांगितलं होतं, धाकटा फार वेळ सोसणार नाही म्हणून.

आबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. खिडकीच्या गजांना हात लावून ते म्हणाले, "जा नाशिकला. हे अठ्ठावीस व्होल्ट का चुकले ते शोध. कारण सापडलं की परत ये."

मामांची आता पंचाईत झाली. व्होल्ट त्यांच्याच बाजूचे हरवले होते. ते शोधायला कुणी जात असेल तर त्याला नाही कसं म्हणणार? दादानं खिशातले दोन साठचे बल्ब काढून माळेत लावले. दोन्हीकडे सारखा पिवळा उजेड पडला, आणि त्या उजेडात आमचं लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा आमचे हे हसू दाबत होते. मला वाटलं, बरा माणूस निवडला.

जूनमध्ये मी आत्याकडे गेले. आणि कपाळ माझं, ते कारण मला पहिल्याच सहामाहीत सापडलं. प्राध्यापकांना विचारलं, तर उभ्याउभ्या सांगून मोकळे. बल्बवर लिहिलेले आकडे तार पांढरी तापलेली असताना खरे. कमी दाब मिळालेल्या थोरल्याची तार थंड राहिली, आणि थंड तार कमी अडवते. कमी अडवल्यामुळे तिच्या वाट्याला दाब आणखी कमी. धाकट्याचं उलट, जास्त तापला, जास्त अडवू लागला, आणखी दाब ओढून बसला. मी तारेचा रोध ठरलेलाच धरला होता, तिथं पाय घसरला. इतकं सोपं. मी आनंदानं वर्गाबाहेर आले आणि जिन्यात एकदम थांबले. कारण सापडलं की परत ये, असं आबा म्हणाले होते.

मग मी ठरवलं की ते सापडलेलं नाही. दिवाळीला मोखाड्याला गेले तर मामा आधीच येऊन बसलेले. फराळाला हात लावण्याआधी विचारलं, काय, लागला का पत्ता? मी म्हटलं, अजून तिथवर शिकवलं नाही, मामा. मोठा विषय आहे. मामा कॉलेजवाल्यांच्या आळशीपणावर बराच वेळ बोलले. पुढच्या दिवाळीला तेच, त्याच्या पुढच्या दिवाळीला तेच. गावात कुणी विचारलं की सून नाशिकला काय करते, तर मामा छाती काढून सांगायचे, आमचे अठ्ठावीस व्होल्ट शोधतेय. माझ्या शिक्षणाचा एवढा कट्टर कैवारी दुसरा कुणी नव्हता. आबा हे सगळं ऐकत पुड्या बांधत बसायचे. खरं कारण मी फक्त यांना सांगितलं होतं, पहिल्या दिवाळीत, शपथ घालून.

बी. एस्सी. झाले आणि मी पेढे घेऊन दुकानात गेले. जव्हारच्या शाळेत विज्ञान शिकवायला मला बोलावणं आलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आबांच्या पाया पडले, काउंटरवरच्या मोकळ्या कागदावर दोन बल्ब काढले आणि थंड तारेचं सगळं प्रकरण त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं. मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, माझ्या मुलाच्या पोटात काही राहत नाही. त्यानं पहिल्याच दिवाळीत सांगितलं होतं मला.

मी गारच पडले. विचारलं, मग आबा, तुम्ही कधी बोलला का नाहीत?

आबांनी हात झटकले आणि तराजू पुढे ओढला. एक गिऱ्हाईक गुळासाठी उभं होतं.

"कारण सापडलं की परत ये, असा मी भर मांडवात शब्द दिला होता," ते म्हणाले. "शब्द मोडायचा नव्हता. म्हणून मी ते ऐकलंच नाही."